केस स्टडी

सर्वप्रथम एक कबुली. माझं शिक्षण दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालंय. तिथे मराठी म्हणजे आठवड्यातून तीन-चार तास भेटणारी आणि परीक्षेपुरती ओळख ठेवणारी लांबची मावशी. त्यामुळे या विभागाचा संपादक (जो दुर्दैवाने माझ्या समोरच्याच रूममध्ये राहतो) "काहीतरी लिही, पानं भरायचीत" म्हणून मागे लागला, तेव्हा मी सरळ हात वर केले. मग तो म्हणाला, "त्या केसांच्या औषधाबद्दल लिही. अख्ख्या होस्टेलला अर्धीच गोष्ट माहीत आहे." हे मात्र खरं होतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या, उरलेली अर्धी गोष्ट सांगतो.

आमच्या शाळेत दर सोमवारी प्रार्थना झाली की सिस्टर मुलांच्या रांगेमागून फिरायच्या. ज्याचे केस कॉलरला टेकले त्याने दुसऱ्या दिवशी कापून यायचं, असा कायदा. मी त्या यादीत कायम पहिला. डोक्यावर नुसतं जंगल होतं. सिस्टरची चाहूल लागली की मी मनातल्या मनात प्रार्थना करायचो, देवा, माझे केस जरा हळू वाढू देत. देवाने तो अर्ज सरकारी पद्धतीने बाजूला ठेवला आणि बरोबर चार वर्षांनी, मी एस.ई. केमिकलला असताना, मंजूर केला.

परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो काढायला गेलो होतो. फोटोग्राफर म्हणाला, "मान थोडी खाली घ्या... नको, नको, वरच करा, लाइट चमकतोय." त्याला बिचाऱ्याला काहीच म्हणायचं नव्हतं. पण मी रूमवर येऊन फोटो निरखून पाहिला आणि पोटात खड्डा पडला. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकले होते. हे कपाळ माझ्या ओळखीचं होतं. आमच्या घरच्या हॉलमध्ये, आईबाबांच्या लग्नाच्या फोटोत, बाबांच्या मुंडावळ्यांच्या वर अगदी हेच कपाळ आहे.

त्यानंतरचे दोन महिने कसे गेले ते ज्याचे केस गळतात त्यालाच कळेल. सकाळी उठल्यावर आधी उशीचा अभ्रा बघायचा. आंघोळीनंतर बाथरूमची जाळी बघायची. मेसमध्ये ट्यूबलाइटखालची जागा सोडून बसायचं. मित्राच्या बाइकवर मागे बसलो की एक हात कपाळावर. ग्रुप फोटोत मी आपला मागच्या रांगेत, आणि कुणी "टकलू" म्हणालं की सगळ्यांत मोठ्याने मीच हसायचो. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज 50 ते 100 गळणं हे अगदी नॉर्मल असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी मात्र जाळीतले केस मोजून जर्नलच्या मागच्या पानावर रीडिंग्ज लिहीत होतो. फिजिक्सची रीडिंग्ज मी आयुष्यात इतक्या प्रामाणिकपणे घेतली नाहीत.

शेवटी गेटसमोरच्या मेडिकलमधून 5 टक्के मिनॉक्सिडिलची 60 मिलीची बाटली आणली. डॉक्टरला विचारणं वगैरे आमच्या सिलॅबसमध्ये नव्हतं. तीन आठवडे लावलं आणि काय सांगू, जाळीतले केस कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाले! मी हबकलो. सगळ्यांचं एकमत पडलं की एकट्या औषधाची ताकद कमी पडतेय, जोडीला काहीतरी पाहिजे.

इथे आमच्या फ्लोअरवरचे महाराज कथेत प्रवेश करतात. महाराज म्हणजे एक सीनियर, ज्यांचं प्रत्येक विषयावर मत असतं आणि कुठल्याच विषयात क्लास नसतो. महाराज म्हणाले, "कांद्याने फायदा होतो. एरंडेलाने होतो. माक्याने तर पिढ्यान् पिढ्या होतोय. मग सगळं एकत्र करा की. सुपरपोझिशन थिअरम!" आता सुपरपोझिशन फक्त लिनिअर सिस्टिमला लागतं हे फर्स्ट इयरचं पोरही सांगेल. पण डोक्यावरचे केस जायला लागले की डोक्यातलंही बरंच काही जातं.

अशा रीतीने लॅबमधून "हरवलेल्या" एका कोनिकल फ्लास्कमध्ये (लॅब असिस्टंट काकांनी हे वाक्य वाचू नये) आमचं मिक्श्चर तयार झालं. मिनॉक्सिडिल, कांद्याचा रस, एरंडेल, माक्याचं तेल, होस्टेलच्या मागच्या कोरफडीचा गर, अर्धं लिंबू आणि व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून. एकूण सात घटक. कांदे मेसचे, खिसणी मेसची, गाळायचं फडकं माझ्या रूममेटचा जुना बनियन.

पाच मिनिटांत फ्लास्कमध्ये थर दिसायला लागले. वर तेल, खाली गढूळ पाणी आणि तळाला बारीक पांढरी भुकटी. मी केमिकलचा विद्यार्थी. मला ते दिसलं होतं, हे मी आज लिहून देतो. मिनॉक्सिडिल पाण्यात फार कमी विरघळतं, म्हणून कंपनी ते अल्कोहोल आणि प्रॉपिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवून देते. त्यात आम्ही कांद्याचं पाणी ओतलं की औषध द्रावणातून बाहेर पडून तळाला बसणारच. एवढा पैसे देऊन आणलेला एकमेव तपासलेला घटक भुकटी होऊन खाली पडला होता आणि आम्ही लेबलवर लिहिलं, "वापरण्यापूर्वी चांगले हलवा."

पहिला प्रयोग माझ्यावर आणि दुसरा माझ्या रूममेटवर झाला. रूममेटला सप्टेंबरात डेंग्यू झाला होता, तेव्हापासून त्याचं नाव डेंग्यूवीर. डिसेंबरात त्याचे केस मुठीमुठीने गळायला लागले. त्यात 2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातून बातम्या आल्या की गावातल्या लोकांचे केस तीन-चार दिवसांत जाऊन टक्कल पडतंय. आधी पाण्यावर संशय, मग गव्हातल्या सेलेनियमची चर्चा. माझ्या आत्याचा फोन आला, "तुमच्या मेसचा गहू कुठून येतो रे?" होस्टेलमध्ये घबराट. आमच्या मिक्श्चरला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता.

माझ्या डोक्यात काही फरक पडला नाही, फक्त खाज सुटली आणि मी लायब्ररीत जाऊन बसलो की आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. पण डेंग्यूवीराचे केस मार्चमध्ये गळायचे थांबले! भांगाच्या कडेला बारीक बारीक नवे केस उभे राहिलेले दिसायला लागले. मग काय विचारता! रूमसमोर रांग. महाराजांनी "पूर्वी" आणि "नंतर" असे फोटो मोबाईलवर फिरवले. मेसच्या काकांनी कांदे कुलपात ठेवायला सुरुवात केली.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि गॅदरिंगला तिच्यावर स्किटसुद्धा झालं. आता उरलेली.

एप्रिलमध्ये, सबमिशनच्या आधी, फर्स्ट इयरचा एक मुलगा आमच्या रूमवर आला. त्याला इथे छोटू म्हणतो. दारातच उभा राहिला. "दादा, ते औषध मिळेल का?" आम्ही त्याला ट्यूबलाइटखाली बसवला, कंगव्याने भांग पाडला, पट्टीने भांगाची रुंदी मोजली, गंभीर चेहरे केले. महाराज म्हणाले, केस फार गेलेत, याला नुसतं लावून भागणार नाही, रोलर पाहिजे. डर्मारोलर म्हणजे बारीक सुयांचं छोटं चाक. त्याने डोक्याच्या त्वचेला सूक्ष्म छिद्रं पडतात आणि केस यायला मदत होते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. छोटूने घरून आलेल्या पैशांतून रोलर मागवला. शनिवारी रात्री महाराजांनी तो फिरवला आणि लगेच, त्याच छिद्रांवर, मी माझ्या हाताने मिक्श्चर लावलं. लिंबासकट.

छोटूचे डोळे पाण्याने भरले. दोन्ही हातांनी कॉट घट्ट धरून तो म्हणाला, "दादा, जळतंय. म्हणजे काम करतंय ना?"

मी म्हणालो, "हो."

हे एक अक्षर मी अजून विसरलेलो नाही.

पहाटे त्याच्या कपाळावर आणि कानामागे सूज आली होती आणि डोक्यातून पाणी वाहत होतं. रेक्टर सरांना उठवलं. सर एक शब्दही बोलले नाहीत, फक्त रिक्षा बोलावली. मी त्याच्या डोक्याला टॉवेल धरून दवाखान्यापर्यंत गेलो. चार दिवस ड्रेसिंग झालं, मग त्याला स्किनच्या डॉक्टर मॅडमकडे पाठवलं. मी बरोबर होतो. रोलर आणि फ्लास्क पिशवीत घालून नेले होते, कारण रेक्टर सरांनी तसं सांगितलं होतं.

मॅडमनी फ्लास्क उजेडात धरला. वास घेतला. मग विचारलं, "ब्रँच कुठली?"

"केमिकल."

त्या काही बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

नंतर त्यांनी जे समजावलं ते मी जसं कळलं तसं लिहितो. मिनॉक्सिडिल हे मुळात ब्लडप्रेशरचं औषध. त्याच्या गोळ्या घेणाऱ्या पेशंटच्या अंगावर केस वाढायला लागले, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की हे डोक्याला लावून बघावं. 1988 साली अमेरिकेत त्याचं 2 टक्क्यांचं लोशन मंजूर झालं. ते विश्रांतीत गेलेल्या मुळांना पुन्हा कामाला लावतं. त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे जुने, सैल झालेले केस जास्त गळतात. म्हणजे माझ्या जाळीतले दुप्पट केस ही औषध लागू पडत असल्याची खूण असू शकत होती! मी नेमक्या त्याच वेळी घाबरून कांदा आणला. फरक कळायला निदान चार महिने लागतात आणि सोडलं तर मिळालेलंही काही महिन्यांत जातं.

मी धीर करून विचारलं, "मॅडम, म्हणजे मिसळायचंच नाही का काही?"

"मिसळतो की आम्हीही," त्या म्हणाल्या. वडिलांकडून किंवा आईकडून आलेल्या टकलात डीएचटी नावाचं हार्मोन मुळं बारीक करत जातं. फिनास्टराइड त्याची निर्मिती अडवतं आणि मिनॉक्सिडिल वाढीला धक्का देतं. दोन वेगवेगळ्या वाटा, म्हणून पुरुष पेशंटना काही वेळा दोन्ही एकाच लोशनमध्ये देतात, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. कारण फिनास्टराइडचे स्वतःचे दुष्परिणाम आहेत आणि गर्भवती स्त्रीने तर त्याला हातसुद्धा लावायचा नसतो. तसंच, मिनॉक्सिडिल आपल्या त्वचेतल्या एका एन्झाइमने बदलल्याशिवाय काम करत नाही. ते एन्झाइम ज्याच्याकडे कमी त्याला गुण कमी. ते वाढावं म्हणून कधी कधी थोडं ट्रेटिनॉइन जोडतात. म्हणजे प्रत्येक घटक कशासाठी आहे, किती आहे आणि कशात विरघळलाय हे माहीत असतं. "तुमच्या फ्लास्कमध्ये लिंबू कशासाठी होतं?"

लिंबू कशासाठी होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. अर्धं उरलं होतं म्हणून होतं.

आणि रोलर? त्याचा अभ्यास खरा आहे आणि तो आपल्या मुंबईतच, सायन हॉस्पिटलमध्ये झाला. 2013 साली छापून आला. 100 पुरुष, दोन गट. दोघांनाही रोज 5 टक्के मिनॉक्सिडिल, आणि एकाच गटाला जोडीला आठवड्यातून एकदा रोलर. बारा आठवड्यांनी ठरलेल्या जागेतले केस मोजले, तर रोलरच्या गटात सरासरी 91 ने वाढले होते आणि दुसऱ्या गटात 22 ने. महाराजांनी वाचलेलं हेच. पण त्या प्रयोगात रोलर डॉक्टर फिरवत होते आणि रोलरनंतर 24 तास मिनॉक्सिडिलसुद्धा लावायचं नव्हतं. ही ओळ महाराजांच्या नजरेतून सुटली. त्वचेचा वरचा थर ही आपली भिंत. तिला भोकं पाडून आम्ही त्यातून कांदा आणि लिंबू आत सोडलं होतं. मास ट्रान्सफरच्या पेपरात डिफ्यूजनचा प्रश्न मी न चुकता सोडवतो, हेही इथे नमूद करतो.

त्या अभ्यासातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच आहे. दोन गटांत फरक एकाच गोष्टीचा ठेवला होता. आम्ही सात गोष्टी एकदम बदलल्या. यातल्या एकाने गुण आला असता तरी कुठल्या ते कळलं नसतं आणि अपाय झाला तरी कुठल्याने ते आजही कळलेलं नाही. मग मी डेंग्यूवीराचा दाखला दिला. मॅडम म्हणाल्या, मोठा ताप येऊन गेला की साधारण दोन-तीन महिन्यांनी केस असे गळतात आणि पुढच्या काही महिन्यांत आपोआप परत येतात. "त्याला तुम्ही चहा पाजला असतात तरी मार्चमध्ये केस आलेच असते." थोडक्यात, आमचा एकमेव यशस्वी पेशंट आमच्याकडे यायच्या आधीच बरा व्हायला लागला होता.

मग त्या छोटूकडे वळल्या. त्याच्या डोक्याकडे नाही, त्याच्याकडे. "केस कधीपासून गळतायत? त्याच्या आधी तीन महिन्यांत काय झालं होतं? आजारी होतास? वजन किती होतं? जेवतोस का नीट?"

छोटू खाली बघायला लागला.

हळूहळू बाहेर आलं. ॲडमिशनच्या वेळी तो 58 किलो होता. आता 49. रात्रीच्या मेसला तो जातच नव्हता. दिवाळीच्या आधीपासून. सगळे ग्रुपने बसतात, त्याचा ग्रुप नव्हता. ताट घेऊन एकट्याने बसायची लाज वाटायची, म्हणून रूमवर चहा आणि ग्लुकोजची बिस्किटं. त्यात एम-वन राहिला, तो घरी सांगितला नव्हता. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9. शरीराला पुरेसं मिळत नसलं की ते आधी केसांचा खर्च कापतं, असं मॅडम म्हणाल्या. शेगावकडच्या गावांतसुद्धा शोध कारणाचाच घेतला ना, मग आपल्या माणसाच्या बाबतीत आधी औषध का?

मला त्या रात्रीची ट्यूबलाइट आठवली. आम्ही तिघांनी त्याच्या भांगाची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजली होती. त्याचं मनगट किती बारीक झालंय ते एकालाही दिसलं नाही. सात वस्तू गोळा केल्या आम्ही, पण एक प्रश्न विचारला नाही.

पुढचं थोडक्यात. छोटूच्या डोक्याच्या जखमा भरायला महिना लागला. रेक्टर सरांनी आमच्या घरी पत्रं पाठवली, ती योग्यच होती. त्याच्या रोलरचे आणि औषधांचे पैसे आम्ही तिघांनी भरले. आता तो रात्री आमच्या टेबलावर जेवतो, किंबहुना त्याची खुर्ची आधी धरून ठेवावी लागते. गोळ्या आणि जेवण सुरू झाल्यावर त्याचे केस दिवाळीपर्यंत परत आले. फक्त उजव्या कानाच्या वर एक रुपयाएवढी जागा अजून रिकामी आहे. तिथे येतील की नाही ते मॅडमनाही सांगता येत नाही. तो तिच्यावरून केस वळवतो आणि मी दुसरीकडे बघतो.

माझं म्हणाल तर मॅडमनी मला एकच बाटली दिली. रोज दोनदा एक मिली, कोरड्या डोक्यावर, वर काहीही नाही. गळणं आटोक्यात आलंय. कोपरे काही परत आले नाहीत आणि बहुतेक येणार नाहीत.

दिवाळीला घरी गेलो होतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे आईने अभ्यंगाला बसवलं. बाबांना नेहमीप्रमाणे अर्ध्या चमच्यात भागलं, हा आमच्या घरचा दरवर्षीचा विनोद. माझ्या डोक्याला तेल लावताना आईचा हात कपाळाच्या कोपऱ्याशी थांबला. ती काही बोलली नाही. बाबा पाटावरून म्हणाले, "कांदा लावू नकोस हं. मी लग्नाआधी सहा महिने लावला होता. काही उपयोग नाही."

मी बघतच राहिलो. ज्या माणसाला मी जन्मल्यापासून टकलावर स्वतःच जोक करताना पाहिलं, त्यानेही कधीतरी कुठल्यातरी खोलीत दार लावून कांदा खिसला होता. "मग तुम्ही सांगितलं का नाही कधी?" मी विचारलं.

"तू विचारलंस कुठे?" बाबा म्हणाले.

ता. क. : हा लेख छोटूला दाखवूनच दिलाय. त्याच्या दोनच अटी होत्या. नाव नको, आणि मेसमध्ये एकटा बसलेला कुणी दिसला तर त्याच्या समोर ताट घेऊन बसा, हे लिहा. लिहिलं. मेसच्या काकांसाठी निरोप : कांद्याचं कुलूप आता काढायला हरकत नाही.